एका खिडकीत बारा जणांचा श्वास

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी "हॉस्पिटलात असते" एवढंच सांगायची. समोरचा लगेच आपली गुडघेदुखी काढायचा. मग खुलासा करावा लागायचा की मी डॉक्टर नाही, नर्स नाही, केसपेपर काढणारीही नाही. मी संख्याशास्त्र विभागातली सहायक. आकडे घ्यायचे आणि त्यांची चित्रं काढायची, हे माझं काम. "म्हणजे कारकूनच ना?" असं आमच्या गिरगावातल्या शेजारीणबाईंनी एकदा विचारलं आणि मी हो म्हणून टाकलं. वाद कोण घालणार? पण दिवाळी अंकाच्या निमित्ताने संधी मिळाली आहे, तर ते काम नेमकं काय होतं ते एकदा नीट सांगते.

हॉस्पिटलाच्या आधी मी लालबागच्या एका गिरणीत टेस्टिंग खात्यात होते. सुताची ताकद मोजायची, आकडे आलेखाच्या कागदावर उतरवायचे आणि कागद साहेबांच्या केबिनमध्ये टाचायचे. मग संप झाला. तो कसा झाला आणि कसा विरून गेला, हे माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्यापुरतं सांगायचं तर गेटाला कुलूप लागलं ते लागलंच, आणि काही वर्षं शिकवण्या करून झाल्यावर परळच्या एका हॉस्पिटलात छातीच्या विभागात मला नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी बाहेरच्या बाकांवर पाहिलं तर सगळे ओळखीचे चेहरे. ज्यांनी कातलेलं सूत मी मोजत होते, तीच माणसं रांगेत बसली होती. आता त्यांचा श्वास मोजायचा होता.

कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की श्वास आखूड होतो. कापूस पिंजणाऱ्या कार्डिंग खात्यातल्या माणसांना हे डॉक्टरांच्या आधी ठाऊक होतं. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी कामावर आलं की छाती आवळल्यासारखी व्हायची, आणि त्यावर त्यांचा उपाय म्हणजे गुळाचा खडा. गुळाने धूळ पोटात जाते, असा पक्का समज. गिरण्या बंद पडल्या तरी गूळ सुटला नव्हता. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ही मंडळी आमच्याकडे नळीत फुंकायला यायची तीदेखील गुळाचा खडा चघळत. नळी चिकट व्हायची आणि आमच्या सिस्टर त्यांना लहान पोरांसारखं रागवायच्या.

फुंकायची नळी म्हणजे साधं यंत्र. जोरात फुंकलं की आतला काटा पुढे सरकतो. जिथे थांबेल तो आकडा कार्डावर लिहायचा. ज्यांचा आकडा घसरत असेल त्यांना दर महिन्याला बोलवायचं आणि श्वासाने ओढायचं औषध, ज्याला सगळे पंप म्हणतात, ते द्यायचं. ज्यांचं ठीक चाललं असेल त्यांना वर्षातून एकदा. रांग मोठी आणि पंप मोजके. म्हणून आमच्या विभागाचे प्रमुख डॉ. वर्तक यांनी नियम केला होता: लागोपाठ तीन महिने आला नाही तर नाव कट. डॉक्टर कडक होते, पण मनाने वाईट नव्हते. प्रतीक्षा यादीतली माणसं रोज त्यांच्या दारात उभी असायची.

सुरुवातीला आलेख मी हातानेच काढत असे. पुढे संगणक आला, आणि त्यावर आकडेमोड करून आलेख काढणारी एक प्रणाली आली. तिच्यात बटणं दाबायची नसतात, आज्ञा लिहायच्या असतात. आज्ञा बरोबर असेल तर पडद्यावर एक खिडकी उघडते आणि तिच्यात आलेख दिसतो. एका खिडकीत एक आलेख, हे झालं साधं. पण मला जिचं वेडच लागलं ती गोष्ट वेगळी. एक छोटीशी ओळ लिहिली की खिडकीचे खण पडतात. तीन ओळी आणि चार रकाने सांगितले की बारा खण. मग पहिला आलेख डाव्या वरच्या खणात, दुसरा त्याच्या शेजारी, ओळ भरली की खालची ओळ. चाळीत भाडेकरू यावेत तसे एकामागून एक येऊन आपापल्या खोलीत बसतात. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी उगाचच चार वेळा तीच आज्ञा चालवून पाहिली.

तेरावा आलेख आला तर काय होतं? खिडकी पुसली जाते आणि तेरावा नव्या पानावर पहिल्या खणात जाऊन बसतो. हे ठाऊक नसलेली एक नवी डॉक्टर मुलगी एकदा रडत माझ्याकडे आली होती. "सामंत मॅडम, माझे बारा पेशंट गेले!" मी हातातला चहा टाकून धावले. पाहते तर सगळे सुखरूप, फक्त मागच्या पानावर. एका पाहुण्या प्रोफेसरांनी तर एकाच कागदावर साठ जण मागितले होते. मी काढून दिले. ते भिंगातून बघत बसले आणि "उत्तम" म्हणाले. त्यांना काय दिसलं ते देव जाणे. आणि खण करून झाल्यावर खिडकी पुन्हा एकखणी करायला विसरलं, तर पुढचा महत्त्वाचा आलेख कोपऱ्यात मुंगीएवढा उमटायचा. हे माझ्याकडून किती वेळा झालं ते मी सांगणार नाही.

आमच्या बारा खणांच्या पानांवर एकेका माणसाला एकेक खण होता. आडवे महिने, उभा श्वासाचा आकडा. दर सहा महिन्यांनी डॉक्टर ही पानं घेऊन बसायचे आणि प्रत्येक खणावर लाल पेनने खूण करायचे: महिन्याला की वर्षाला. माणसाचा पंप त्या खुणेवर ठरायचा.

आता महादेव नानांबद्दल. नाना मालवणकडचे, कार्डिंग खात्यात उभी हयात गेलेली. लालबागला तिसऱ्या मजल्यावर गावच्या मंडळाची खोली होती, तिथे गाववाल्यांबरोबर राहायचे. बायको-मुलं गावी. त्यांच्याच खोलीतला पांडुरंग साळखात्यातला, म्हणजे मागावरचा. नानांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान आणि छातीने बराच बरा. दोघांनी एकाच दिवशी नाव नोंदवलं होतं, त्यामुळे कार्डाचे नंबर लागोपाठ आणि माझ्या खिडकीत खणही शेजारी शेजारी. फुंकून झालं की नाना माझ्या खोलीत डोकवायचे. पडद्याचं त्यांना फार कुतूहल.

"ह्यातलो माझो खण खंयचो गो बाय?"

मी दाखवायची. एकदा त्यांनी शेजारच्या खणावर बोट ठेवलं.

"आणि ह्यो पांडग्याचो? मेल्याचो उतार माझ्याएवढोच? तेका तर कायच झालेला नाय!"

मी हसून म्हटलं, "नाना, मशीन खोटं बोलत नाही." किती सहज म्हणून गेले! तेव्हा जरा थांबले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. मशीन खोटं बोलत नव्हतं हे खरं, पण त्याला जे विचारलंच नाही ते सांगतही नव्हतं. हाताने आलेख काढताना कागदावर आधी मोजपट्टी आखावी लागते: खाली शून्य, वर किती, एका चौकोनाला किती. यंत्राला हे सांगितलं नाही तर ते प्रत्येक खणाची मोजपट्टी आपल्या मनाने ठरवतं, त्या त्या आकड्यांना पुरेल एवढी. त्यामुळे दहाने घसरलेला माणूस आणि दीडशेने घसरलेला माणूस, दोघांचा उतार सारखाच उंच दिसतो. मी मोजपट्टी सांगितली नव्हती. गिरणीत इतकी वर्षं पट्टी आखणारी बाई मी, आणि एका सोयीने मला इतकं निवांत केलं होतं. याची लाज मला अजून वाटते.

त्या सहामाहीला डॉक्टरांनी खुणा केल्या. नानांच्या खणात रेघ आधी खाली आणि शेवटच्या महिन्यांत एकदम वर चढलेली. "वा! सुधारले," म्हणून त्यांनी नानांना वर्षावर टाकलं. पांडुरंगाच्या खणात रेघ घसरत चाललेली, म्हणून त्याला महिन्यावर ठेवलं. मी पानं फाइलला लावली. नाना बरेच दिवस डोकावले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण खुणा होईपर्यंत त्यांच्या कार्डावर दर महिन्याचा आकडा होता, तोही चांगला. रागावले असतील, किंवा पडद्याची नवलाई संपली असेल, असं मला वाटलं.

चूक उघडी पडली ती एका क्षुल्लक अडचणीमुळे. एका अहवालासाठी हीच पानं जरा लहान कागदावर बसवायची होती. तर यंत्र हटून बसलं. कडेला सोडलेली जागा फार होते, चित्राला जागा उरत नाही, असा निरोप पुन्हा पुन्हा यायला लागला. खिडकीचे खण करणाऱ्या प्रत्येकाने हा निरोप पाहिलेला असतो. मी विचार केला, बारा खणांना बारा वेळा आकडे कशाला? दर खोलीत नळ नको, गॅलरीच्या टोकाला एक पुरे. प्रत्येक खणाचे स्वतःचे आकडे काढून टाकले आणि एकेका ओळीच्या डाव्या टोकाला एकदाच लिहिले. पण असं करायचं तर सगळ्या खणांची मोजपट्टी एकच हवी. म्हणून जागा वाचवायला शून्याऐवजी शंभरापासून सुरू होणारी एकच पट्टी बाराही खणांना नेमून दिली आणि आज्ञा चालवली.

पान उमटलं आणि मी खुर्चीतच पुढे सरकले. पांडुरंगाचा घसरता उतार कुठल्या कुठे गेला होता. त्याची रेघ सपाट, खणाच्या वरच्या भागात शांत चाललेली. नानांची रेघ मात्र खणाच्या तळाकडे उतरत गेलेली, आणि शेवटच्या पाच महिन्यांत उडी मारून एकदम वर. किती वर? मी पडद्यावर फूटपट्टी आडवी धरली. ते पाचही ठिपके शेजारच्या पांडुरंगाच्या त्याच महिन्यांच्या ठिपक्यांच्या अगदी रेषेत होते. एक महिना चुकून जुळेल, फार तर दोन. पाच कसे जुळतील? मी कार्डं काढली. दोघांचे आकडे तंतोतंत एक नव्हते, पण फरक काट्याच्या रुंदीएवढा. एकाच छातीने दोनदा फुंकावं तेवढा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लालबागला गेले. तिसरा मजला चढताना मलाच दोनदा थांबावं लागलं, आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडायला लागला. खोलीच्या दाराशी नाना उशीला टेकून बसले होते. खांदे वर उचललेले, एका वाक्यात तीन थांबे. मला बघून हसले.

"नाना, ते शेवटचे पाच महिने तुमचं कोण फुंकत होतं?"

"मीच. मीच फुंकतंय बाय. खोटा कायेक नाय." आणि खोकल्याने त्यांना वाकवलं.

पांडुरंग स्टोव्हजवळ उभा होता. तो पुढे आला.

"त्यांना नका विचारू बाई, मी सांगतो. ह्यांना जिना उतरवत नव्हता. तीन खाडे झाले की नाव कट करता तुम्ही. मग मी गेलो बदलीवर. गिरणीत माणूस आजारी पडला की बदली उभा करतातच ना? साचा बंद ठेवून कसं चालेल?"

"नाव पुकारल्यावर कुणी ओळखलं नाही?"

"नाव पुकारलं, मी उठलो. आम्हां म्हाताऱ्यांचं तोंड कोण बघतो?"

मला राग येत होता आणि तो कुणाचा येत होता ते कळत नव्हतं. "अरे, गेलास ते गेलास, पण इतक्या जोरात कशाला फुंकलंस? जरा हळू फुंकला असतास तर त्यांचं महिन्याचं औषध तरी चालू राहिलं असतं!"

पांडुरंगाला हे खरोखरच कळेना. "बदलीवर जाऊन अंगचोरी करू? नानांच्या नावावर? चांगलं काम दाखवलं तरच नाव टिकतं ना बाई?"

नानांचे सगळ्यांत वाईट महिने आमच्या कागदावर सगळ्यांत चांगले दिसत होते, ते यामुळे. आणि फळीवर एक पंप होता. त्यावरच्या चिठ्ठीवर नंबर पांडुरंगाच्या कार्डाचा. महिन्यावर ठेवलेल्या पांडुरंगाला मिळणारा पंप नाना ओढत होते. माझ्या चुकीने एकाचं औषध दुसऱ्याकडे गेलं होतं, आणि ह्या दोघांनी ते खोलीतल्या खोलीत परत जागेवर आणून ठेवलं होतं.

परत येताना मी मनाशी हिशेब करत होते. मी गप्प बसले असते तर चित्र चुकीचं राहिलं असतं, पण नानांना पंप मिळत राहिला असता. खरं सांगितलं तर पांडुरंग वर्षावर जाणार, आणि खोट्या नावाने फुंकलं म्हणून नानांचं कार्डच रद्द होणार, म्हणजे पंप दोन्हीकडून बंद. शिवाय माझी मोजपट्टीची चूक चव्हाट्यावर येणार. ही शेवटची भीतीही होती, नव्हती म्हणणार नाही. पण अशा जोड्या आणखी असतील तर? त्या सगळ्यांच्या खोलीत एकेक पांडुरंग पंप घेऊन बसलेला असेलच असं नव्हतं.

मी नवं पान काढलं. नानांचे स्वतःचे ठिपके भरीव ठेवले. पांडुरंगाने फुंकलेले पाच ठिपके पोकळ केले आणि त्यांना जोडणारी रेघ काढून टाकली. ते पान डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून सगळं सांगितलं, माझ्या चुकीपासून.

डॉक्टर भडकले. "सामंत बाई, ही फसवणूक आहे! दोघांची नावं काढा आजच्या आज."

"काढते सर. त्याआधी हे पोकळ ठिपके एकदा बघा."

"काय आहेत ते?"

"नाना जिना उतरू शकले नाहीत ते महिने. माणूस आला नाही की आपण म्हणतो त्याला गरज नाही. यांना सगळ्यांत जास्त गरज होती तेव्हाच ते आले नाहीत."

डॉक्टरांनी पान जवळ ओढलं. बराच वेळ ते पेनच्या टोकाने ठिपके मोजत राहिले. मग म्हणाले, "तीन खाडे झाले की नाव कापायचं, हे कुणी ठरवलं होतं?"

"तुम्हीच, सर."

"हं." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "मग आता लिहून घ्या. तीन खाडे झाले की घरी जाऊन बघायचं. नानांना महिन्यावर घ्या आणि पांडुरंगाला वर्षावर टाका. घरी कोण जाणार? माणूस नाही आपल्याकडे."

"मी जाते," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

पुढे किती तरी वर्षं मी ते केलं. संख्याशास्त्राची सहायक, पिशवीत नळी घालून चाळीचे जिने चढणारी. मागची सगळी पानं मी एका मोजपट्टीवर पुन्हा काढली. अशा जोड्या आणखी निघाल्या. त्यातल्या दोन पत्त्यांवर गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. गावी गेले, असं शेजारी म्हणाले. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचा होता.

पण पहिली फेरी नानांकडेच होती. पुढच्या मंगळवारी त्यांच्या नावाचा पंप घेऊन गेले. नानांनी शर्ट घालून केस विंचरले होते. मी नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि तोंडाला लावली. पहिल्या खेपेला काटा हललाच नाही. दुसऱ्या खेपेला जेमतेम हलला. नानांचे ओठ निळसर झाले होते. शेजारी उभ्या पांडुरंगाने नकळत स्वतःच छातीभर श्वास घेतला होता. त्याला राहवेना, त्याने हात पुढे केला.

"नाना, ह्यो एक मी मारतंय."

नानांनी नळी छातीशी धरली आणि मान हलवली. दम गोळा करायला त्यांना वेळ लागला. आम्ही दोघं थांबलो.

"नको रे पांडग्या," ते म्हणाले. "आज मी कामार इलंय."

आणि त्यांनी तिसऱ्यांदा फुंकलं. आकडा इतका लहान होता की मी ठरवलेल्या मोजपट्टीवर तो बसत नव्हता. त्या संध्याकाळी मी बाराही खणांची पट्टी खाली वाढवली, आणि नानांचा ठिपका भरीव काढला.